साठ ते सत्तर

प्लास्टरच्या त्या जबड्यात समोरच्या दोन दातांमध्ये दीड मिलिमीटरची फट होती. उजवा दात डाव्याच्या किंचित पुढे होता आणि त्याच्या कडेला बारीकसा टवका होता. प्लास्टर ओतताना हवेचा बुडबुडा अडकला की असा टवका दिसतो, पण हा बुडबुड्याचा नव्हता. बाबा विजेच्या तारेचं वेष्टण दातांनी सोलायचे, त्याची ती खूण होती.

कवळ्या करायचं काम शिकत असताना ती सरावासाठी घरातल्या माणसांची मापं घ्यायची. एकदा तोंडात तो गार, बुळबुळीत लगदा गेल्यावर आई पुन्हा वाट्याला गेली नाही. आत्या तर माप घ्यायचा चमचा दिसला की देवळात निघून जायची. बाबा मात्र सांगाल तितका वेळ आ वासून बसत आणि लगदा काढला की म्हणत, "झालं? आता मार्क किती ते सांग." त्या काळातला हा एवढा एकच साचा उरला होता. लॅबमधल्या तिच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून तो वीस वर्षं बसून होता.

"कवळीताई, मास्तर आलेत," दवाखान्यातली मदतनीस दारातून म्हणाली. "आज भलतेच नटून आलेत."

लॅब म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक खोली. शनिवारी दुपारी तिथे उकळत्या पाण्याची वाफ आणि तापलेल्या मेणाचा वास भरलेला असे. तिने मेणात बसवलेले दात उचलले आणि बाहेर गेली. पोस्टातून निवृत्त झालेले मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. तिने दात त्यांच्या तोंडात बसवले आणि आरसा दिला.

"हे माझे वाटत नाहीत," ते म्हणाले.

"तुमचे नाहीतच. अजून माझे आहेत. पक्के झाले की तुमचे. आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा. सावकाश."

"हा काय गणिताचा तास आहे?"

"मोजा तर."

"साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेस्स..." बारीकशी शिट्टी वाजली आणि मास्तर दचकून थांबले.

"मास्तर, या वयात शिट्ट्या मारणं शोभत नाही," पडद्यामागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांना हसू आवरेना आणि मेणाचे दात निसटून त्यांच्या हातात आले.

ही तिची जुनी पद्धत होती. साठीतल्या प्रत्येक आकड्यात 'स' असतो, बहुतेकांत 'ष' येतो, आणि जीभ वरच्या समोरच्या दातांच्या मागे नेमकी कुठे जाते ते लगेच कळतं. दात जरा पुढे गेले असतील तर हवा निसटते, मागे असतील तर शब्द बोबडा होतो. तिने पातीने मेण थोडं खरवडलं, दात केसभर मागे घेतले आणि मास्तरांना पुन्हा मोजायला लावलं. या वेळी सत्तरपर्यंत सगळं सुरळीत झालं आणि पुढे मास्तर न सांगता शंभरापर्यंत गेले.

ती टेबलाकडे परतली तेव्हा मोबाइलवर बाबांचा निरोप होता. बाबा अलीकडे लिहूनच पाठवत. 'सोमवारी विधेयकावर मतदान. या वेळी नक्की. उद्या सकाळी फोन करतो. कागदपत्रं तयार ठेव.'

तिने निरोप वाचला. मोबाइल पालथा ठेवला.

वीस वर्षांपूर्वी बाबा परदेशी गेले ते एका कारखान्यात फिटर म्हणून. बस्तान बसलं की बायको आणि मुलीला बोलवायचं, असं ठरलं होतं. पण आईचे कागद आले तोवर मुलीने वयाची मर्यादा ओलांडली होती, तीही जेमतेम काही महिन्यांनी. आई गेली; मुलगी आत्याकडे राहिली. बाबांनी मग सज्ञान मुलीसाठीच्या रांगेत तिचा अर्ज टाकला. त्याला अटी दोनच होत्या. अर्ज करणाऱ्या बापाने तिथे राहत असलं पाहिजे आणि मुलीचं लग्न झालेलं असता कामा नये. नंबर लागेपर्यंत.

नंबर लागला नाही. रांग कधी सरकायची, कधी मागे जायची. पुढे गेलेली रांग मागे कशी जाते हे आत्याला कधीच पटलं नाही. मग कायदा बदलायची बोलणी सुरू झाली. एकदा बातमी आली, जुने अर्ज एकदम निकालात काढणार. दुसऱ्या वर्षी आली, सज्ञान मुलांची रांगच रद्द होणार. त्यानंतर, लग्न झालेल्यांनाही घेणार. मग, कुणालाच नात्यावर घेणार नाहीत, शिक्षण आणि वय बघून गुण देणार. प्रत्येक बातमीनंतर बाबांचा एकच सल्ला असे, "आत्ता काही हलवू नकोस. कायदा येऊ दे, मग बघू." आणि प्रत्येक वेळी तो सल्ला शहाणपणाचाच वाटे.

"तुमचा तो कायदा म्हणजे आमच्या धाकट्या दिरांसारखा आहे," आत्या म्हणायची. "येतो येतो म्हणून कळवायचं, आम्ही भात जास्तीचा टाकायचा, आणि हे आपले येतच नाहीत."

एक गोष्ट तिने आत्यालाही सांगितली नव्हती. विधेयक बारगळल्याची बातमी आली की तिला बरं वाटे. अगदी क्षणभर, पाठीवरचं ओझं कुणी उचलून धरावं तसं. मग बाबांचा चेहरा आठवे. पोलादाचा कारखाना सुटल्यावर ते आता गोदामाच्या फाटकावर राखणीला बसतात ते कुणासाठी, हे आठवे, आणि ती तीन-चार दिवस स्वतःकडे आरशातही नीट पाहत नसे.

संध्याकाळी लिफ्टवाला दवाखान्यासमोर उभा होता. आत्याने त्याला पहिल्या भेटीत हे नाव दिलं आणि मग तेच पडलं. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम. हातांना ग्रीसचा वास कायमचा. कोपऱ्यावरच्या इमारतीतली लिफ्ट बघून मग जाऊ, असं तो म्हणाला आणि ती नेहमीप्रमाणे सोबत गेली. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत तो खाली वाकला, ती हत्यारांच्या पेटीवर बसून विजेरी धरून राहिली.

"सोमवारी मतदान आहे," ती म्हणाली.

"वाचलं."

"बाबा म्हणतात, या वेळी नक्की."

"हं. जरा डावीकडे धर." त्याने तारेच्या दोरावर बोट फिरवलं, पुसलं. "तुला माहितीये, लिफ्ट अडकली की माणसं आधी ओरडत नाहीत. बटणं दाबतात. सगळ्या मजल्यांची. मी दार उघडतो तेव्हा सगळे दिवे लागलेले असतात."

ती हसली. तो हसला नाही.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "फक्त एक कर. सोमवारनंतर मला 'बघू' म्हणू नकोस. 'नाही' म्हण. चालेल मला. पण 'बघू' नको."

विजेरीचा उजेड हलला, तसं त्याने तिच्याकडे न बघता तिचं मनगट धरून तो पुन्हा जागेवर आणला.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी लग्नासाठी नोंदणी कचेरीत तारीख घेतली होती. कायद्याची बोलणी तेव्हा थंडावली होती. लिफ्टवाल्याची आई भलतीच खूश होती. तिला दात नव्हते आणि दातांवाचून तिचं काही अडतही नव्हतं, पण लग्नाच्या फोटोत मला हसायचंय, असं तिने जाहीर केलं. ती स्वतः होऊन लॅबमध्ये आली, लहान मुलीसारखी आ करून बसली, साठ ते सत्तर मोजताना दर वेळी चौसष्ट विसरली. कवळी झकास बसली. आणि तारखेच्या आदल्या आठवड्यात नवं विधेयक आलं. अविवाहित मुलांचे जुने अर्ज सगळ्यात आधी निकाली निघणार होते. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. तिने लिफ्टवाल्याला सांगितलं, "चार-सहा महिने थांबू या का? बघू."

म्हातारी पुढच्या थंडीत गेली. कवळी पेल्यात, पाण्यात ठेवलेली होती. लिफ्टवाल्याने ती टाकली नाही, परतही दिली नाही. तो त्याबद्दल कधी बोलला नाही. म्हणूनच ती विसरू शकत नव्हती.

"चल," तो उठत म्हणाला. "उद्या सकाळी येतो तुमच्याकडे. आत्यांनी बोलावलंय. कपाटाचं दार लागत नाहीये म्हणे."

"ते दार चांगलं लागतं," ती म्हणाली.

"मला माहितीये."

रविवारी सकाळी तो आला तेव्हा दार खरोखरच लागत नव्हतं. आत्याने बिजागरीचा स्क्रू काढून पदराच्या गाठीला बांधून ठेवला असावा, असा तिचा अंदाज होता. स्वयंपाकघरात तो कपाटाशी बसला. आत्या त्याच्यासमोर स्टुलावर बसून देखरेख करत होती.

"लिफ्टवाले, तुम्ही माणसं वर नेता, खाली आणता. आमच्या घरात मात्र सगळं जिथल्या तिथे."

"वंगण कमी पडत असेल, आत्या."

"वंगण माझ्या जिभेला भरपूर आहे. कुठे घालायचं ते सांगा."

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. तिने तो टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर नेहमीप्रमाणे बाबांचं कपाळ आणि छताचा दिवा दिसला. बाबांना फोन नीट धरता येत नाही, असं आई सांगत असे आणि तीही त्यावरून त्यांना चिडवत असे. पुष्कळदा आईच बोले. बाबा मागून 'हो' नाहीतर 'हं' करत. आज मात्र ते स्वतः बोलायला बसले होते, आणि घाईत होते.

"ऐक. मी सगळं वाचून काढलंय. कलम सदुसष्ट बघ. सदुसष्टमध्ये आपल्यासारख्यांचं आहे. दहा वर्षांच्या वरचे अर्ज..."

ती पेन्सिल घेऊन बसली होती. 'सदुसष्ट' लिहिता लिहिता थांबली.

तिथून आवाज येताना खरखर होतेच. कधी लाइन तुटे, कधी शब्द पाण्यातून आल्यासारखे येत. गेली दोन वर्षं बाबांचा आवाज थोडा वेगळा येतो हे तिच्या कानांना ठाऊक होतं आणि दोष तिने लाइनला दिला होता. पण लाइन फक्त 'स'वरच कशी खराब होईल?

"बाबा," ती म्हणाली, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा."

"काय?"

"मोजा ना. सावकाश."

"माझी परीक्षा घेतेस? मला सत्तरावं लागेल आता. अजून मोजता येतं." ते हसले. मग थांबले. पलीकडे आई काहीतरी पुटपुटली.

"बाबा."

"साठ," ते म्हणाले. "एकसष्ट. बासष्ट."

दिव्याचा उजेड कपाळावर स्थिर होता. प्रत्येक आकड्याला हवा मोकळी निसटत होती. जीभ टेकायला जात होती आणि तिथे टेकायला काही नव्हतं. ही एखाद्या दाताची गोष्ट नव्हती. त्रेसष्टला ते अडखळले, चौसष्टला आवाज उतरला. ती रोज अनोळखी माणसांचा 'स' ऐकत होती, केसभर मेण खरवडत होती.

"पुरे," ती म्हणाली. "फोन खाली घ्या. तोंड दिसू दे."

"अगं, राहू दे ना..."

"दाखवा की तिला," आईचा आवाज आला. "किती दिवस छत दाखवणार?"

चित्र हललं. भिंत, खिडकी, आईचा खांदा, आणि मग बाबा. ओठ आत वळले होते, नाक आणि हनुवटी एकमेकांकडे सरकल्यासारखी दिसत होती. असे चेहरे ती रोज बघत असे. वरचा जबडा रिकामा झाला आणि तसाच राहू दिला की चेहरा असा होतो, हे ती लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत असे. बाबांनी सवयीने हात तोंडावर नेला, मग तो खाली घेतला.

"कधी?" तिने विचारलं.

"झाली दोन वर्षं. हिरड्या सुजल्या होत्या, त्यांनी सगळे काढले. आणि त्याच आठवड्यात ते विधेयक आलं बघ. म्हटलं, चार-सहा महिन्यांत तू येणारच आहेस. घरात कारागीर असताना परक्याकडे कशाला जायचं?" ते हसायला गेले आणि हसू आत ओढलं गेलं. "खायचं काही अडत नाही. ही सगळं मऊ करून देते."

"मला सांगितलं का नाही?"

"तू काळजी केली असतीस. तुझं तिथे मन लागेनासं झालं असतं. आधीच आमच्यामुळे तू तशी राहिलीस."

"तुमच्यामुळे नाही. मी..."

आईने फोन हातात घेतला. आईचे केस पूर्ण पांढरे झाले होते. हे तिने आधी पाहिलं होतं, पण आज पाहिलं.

"मी बोलू का?" आई म्हणाली. "यांना वाईट वाटेल, वाटू दे. मला इथे काडीचं करमत नाही. गुडघे गेलेत, शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. कारखाना सुटला तेव्हाच मी म्हटलं, परत जाऊ. तर म्हणाले, आपण हललो की पोरीचा अर्ज मेला. तिला यायचंय, आणि आपणच दार लावायचं? म्हणून राहिलो."

"तुम्ही तर म्हणायचात, तिकडे छान आहे."

"तूही म्हणायचीस, बघू, येईन. आम्ही काय समजायचं?"

"अगं, आता ते कशाला," बाबा मागून म्हणाले. "उद्या मतदान आहे. वीस वर्षं काढली, आता एका दिवसासाठी... कलम सदुसष्टात स्पष्ट म्हटलंय. झालं तर झालं. नाही झालं तर पुढच्या अधिवेशनात परत आणतील म्हणतात. लग्न झालेल्यांचंही त्यात घालतील, असंही एक ऐकलंय. आपण आत्ता काही हलवायला नको."

बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. नेहमीसारखंच.

काल संध्याकाळी तिने लॅबमधून पिशवीत घालून प्लास्टरचा तो जबडा घरी आणला होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता तिने तो हातात घेतला. फट, टवका, किंचित पुढे आलेला उजवा दात. यावरून बाबांना तसेच्या तसे दात करून देता आले असते, त्या फटीसकट. पण ते बसणार कशावर? दात गेले की हाड झिजतं, हिरड्यांचा आकार बदलतो. या साच्यावर केलेली कवळी बाबांच्या तोंडात एक घासही टिकली नसती. नवं माप घ्यायला हवं होतं, आणि माप फोनवर घेता येत नाही.

"काय हातात?" बाबांनी विचारलं. डोळे बारीक करून ते पुढे वाकले. "माझेच की. अगं, ठेवलेस अजून?" आणि ते हात न लावता, तोंड न झाकता हसले. काळी, मऊ पोकळी दिसली. त्यांना ते कळलंही नाही.

तिला म्हातारी आठवली, फोटोत हसायचंय म्हणणारी. दर वेळी चौसष्ट विसरणारी.

स्वयंपाकघरातला स्क्रू पिळण्याचा आवाज थांबला होता. लिफ्टवाला दारात आला नव्हता. त्याची सावली फक्त उंबऱ्यापर्यंत होती, आणि ती हलत नव्हती.

तिने जबडा टेबलावर ठेवला. तांब्यातलं पाणी प्यावं असं वाटलं, पण तांब्याला फोन टेकवलेला होता.

"बाबा, उद्या काहीही होऊ दे," ती म्हणाली. आवाज आपल्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला, स्वयंपाकघरात सहज जाईल एवढा. "मी तिकडे येणार नाही."

"म्हणजे, सोमवारचं बघून मग..."

"नाही. बघायचं नाहीये. मला कधीच यायचं नव्हतं. माझा अर्ज मागे घ्या, आणि तुम्ही दोघं घरी या. मी लग्न करतेय. आणि मला तुमचं माप घ्यायचंय."